व्याजाच्या गणितात न बसणारा पैसा

सरळव्याजाची गणिते आपण सगळ्यांनी सोडवली आहेत आणि शिकवलीही आहेत. अमुक माणसाने द.सा.द.शे. १० दराने १०० रुपये कर्ज घेतले, तर वर्षअखेर तो किती रक्कम परत करील? उत्तर ११० रुपये. या गणितांतला कर्जदार मोठा सज्जन असतो. तो कधी आजारी पडत नाही, त्याचा धंदा बुडत नाही. ठरल्या दिवशी तो मुद्दल आणि व्याज आणून देतो.

खऱ्या जगातला सावकार मात्र वेगळे गणित करतो. समजा, त्याने १०० माणसांना प्रत्येकी १०० रुपये दिले. त्यांपैकी ९० जणांनी ११० रुपये परत केले आणि १० जणांचे सगळे बुडाले. हाती आले ९,९०० रुपये, दिले होते १०,०००. म्हणजे शंभरात फक्त दहा बुडाले तरी सावकार तोट्यात गेला. म्हणूनच बँक कर्ज देताना तारण मागते. घर, जमीन, दागिने, यंत्रे, निदान चांगला जामीनदार तरी हवा. यात बँकेचा दुष्टपणा नाही. कर्जाच्या व्यवहारात मिळकतीला वरची मर्यादा असते, नुकसानीला मात्र पूर्ण रक्कम बुडेपर्यंत वाव असतो. असा व्यवहार करणाऱ्याने धोका टाळणे हेच शहाणपणाचे.

आता प्रश्न असा, की ज्याच्याजवळ तारण ठेवायला डोक्यातल्या कल्पनेखेरीज काहीच नाही, त्याने काय करायचे? ते यंत्र अजून कोणी पाहिलेले नाही, ते औषध अजून तयार झालेले नाही. यांतल्या निम्म्याहून जास्त कल्पना फसणार हे सगळ्यांनाच माहीत आहे. अशा कामाला कोण पैसे देईल? या प्रश्नाला विसाव्या शतकात एक उत्तर मिळाले. त्याला आपण साहस भांडवल किंवा जोखीम भांडवल म्हणतो. इंग्रजीतला ‘व्हेंचर कॅपिटल’ हा शब्दही आता सर्रास वापरला जातो. हे उत्तर कसे घडत गेले, ते या लेखात पाहू.

वॅटच्या इंजिनाचे पैसे कोणी दिले?

सुरुवात आपल्या ओळखीच्या माणसापासून करू. जेम्स वॅटला १७६५ मध्ये स्वतंत्र संघनकाची कल्पना सुचली, हे आपण वर्गात सांगतो. न्यूकोमेनच्या इंजिनात वाफ थंड करण्यासाठी सिलिंडरच थंड करावा लागे, मग तो पुन्हा तापवावा लागे आणि त्यात भरमसाट कोळसा जाई. वाफ वेगळ्या भांड्यात थंड केली, तर सिलिंडर सतत गरम राहील आणि कोळसा वाचेल, ही वॅटची कल्पना. पण या कल्पनेचे पहिले चालणारे इंजिन गिऱ्हाइकाच्या आवारात उभे राहायला १७७६ साल उजाडले. मधली ११ वर्षे काय झाले, हे मात्र आपण सहसा सांगत नाही.

या काळात वॅटच्या डोक्यावर कर्ज होते आणि पोटासाठी तो कालव्यांची मोजणी करत फिरत होता. त्याच्या मदतीला आला जॉन रोबक. हा स्वतः रसायनशास्त्र जाणणारा उद्योजक. शिशाच्या कोठ्यांमध्ये सल्फ्युरिक आम्ल बनवण्याची पद्धत त्याने रूढ केली होती. स्कॉटलंडमधील कॅरन लोखंड कारखान्याच्या संस्थापकांपैकी तो एक. त्याच्या कोळशाच्या खाणींत पाणी भरत होते आणि ते उपसायला चांगले इंजिन हवे होते. त्याने वॅटचे सुमारे १,००० पौंडांचे कर्ज आपल्या अंगावर घेतले, पुढील खर्च देण्याचे कबूल केले आणि बदल्यात १७६९ च्या पेटंटमध्ये दोन तृतीयांश हिस्सा घेतला.

हा व्यवहार नीट पाहा. रोबकने व्याज मागितले नाही, तारणही मागितले नाही. त्याने हिस्सा मागितला. कल्पना बुडाली तर त्याचा पैसा जाणार होता, तरली तर तिच्या कमाईचा मोठा भाग त्याचा होणार होता. साहस भांडवलाचे मूळ तत्त्व येथे पूर्णपणे हजर आहे.

पण रोबकचे दैव फिरले. त्या काळी मोठा सिलिंडर आतून अचूक गोल कापता येत नव्हता, त्यामुळे वाफ निसटत राही. प्रयोग लांबत गेले. खाणींत पाणी वाढत गेले. १७७३ मध्ये रोबकचे दिवाळे निघाले. देणेकऱ्यांनी त्याच्या मालमत्तेची यादी केली, तेव्हा पेटंटमधल्या हिश्श्याला कोणी किंमतच देईना. बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन याचे रोबककडे १,२०० पौंड येणे होते. त्याने त्या बदल्यात तो हिस्सा घेतला. १७७५ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढवली. दरम्यान जॉन विल्किन्सनने १७७४ मध्ये तोफा कोरण्यासाठी काढलेल्या यंत्राने अचूक सिलिंडरही मिळू लागले. बोल्टन आणि वॅट यांनी गिऱ्हाइकाकडून मोबदलाही हिश्श्यानेच घेतला. जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या एक तृतीयांश किंमत.

बोल्टन श्रीमंत झाला. रोबकला त्या यशातून काही मिळाले नाही. त्याची निवड चुकीची नव्हती, पण एका कल्पनेवर एकट्याने आणि मर्यादित पैशानिशी त्याने धोका पत्करला होता. ती कल्पना फळण्याआधीच त्याचा दम संपला. एकाच्या जागी वीस कल्पना, आणि एका माणसाच्या जागी अनेकांचा, थांबू शकणारा पैसा असता तर?

बॉस्टन, १९४६

ही ‘जर-तर’ची गोष्ट प्रत्यक्षात यायला पावणेदोनशे वर्षे गेली. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेच्या बॉस्टन शहराजवळच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एम.आय.टी.त, युद्धकाळात झालेल्या संशोधनाचा मोठा साठा होता. रडारवरचे बरेच काम तेथेच झाले होते आणि त्याचा खर्च सरकारने केला होता. दुसरीकडे त्याच भागातल्या जुन्या कापडगिरण्या बंद पडत होत्या. विमा कंपन्या आणि विश्वस्त निधी यांच्याकडे पैसा होता, पण तो सुरक्षित रोख्यांमध्येच गुंतवला जाई. ज्ञान एका बाजूला, पैसा दुसऱ्या बाजूला आणि मध्ये पूल नाही, अशी स्थिती होती.

एम.आय.टी.चा अध्यक्ष आणि भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन, बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचा अध्यक्ष राल्फ फ्लँडर्स आणि आणखी काही जणांनी मिळून १९४६ मध्ये ‘अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट’ ही कंपनी काढली. आपण तिला ए.आर.डी. म्हणू. तिचा कारभार पाहिला जॉर्ज डोरिओ याने. हा पॅरिसमध्ये जन्मलेला, हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकवणारा प्राध्यापक. युद्धात अमेरिकन सैन्याच्या पुरवठा विभागात तो ब्रिगेडियर जनरल झाला होता.

कंपनीला ५० लाख डॉलर जमवायचे होते, जमले सुमारे ३५ लाख. हे पैसे तिने नव्या, लहान कंपन्यांत घालायचे, बदल्यात त्यांचे समभाग घ्यायचे, त्यांच्या संचालक मंडळावर आपला माणूस बसवायचा, सल्ला द्यायचा आणि वाट पाहायची, अशी योजना होती.

पहिल्या गुंतवणुकींपैकी एक शिक्षकांना विशेष वाटेल. प्रयोगशाळेतल्या व्हॅन डी ग्राफ जनित्राचे चित्र पाठ्यपुस्तकात असते. त्याच तत्त्वावर कर्करोगाच्या उपचारांसाठी क्ष-किरण यंत्रे बनवणारी ‘हाय व्होल्टेज इंजिनिअरिंग’ ही कंपनी स्वतः रॉबर्ट व्हॅन डी ग्राफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काढली होती. ए.आर.डी.ने तिच्यात २ लाख डॉलर घातले. ती तरली, वाढली आणि पुढे तिच्या समभागांना चांगला भाव आला. पण सगळ्याच कंपन्या अशा निघाल्या नाहीत. प्रशांत महासागरातला ट्यूना मासा डबाबंद करण्याच्या उद्योगात घातलेला पैसा बुडाला. पहिली अनेक वर्षे ए.आर.डी.च्या भागधारकांच्या हाती फारसे काही पडले नाही.

सत्तर हजार डॉलर

१९५७ मध्ये डोरिओकडे दोन तरुण अभियंते आले. केन ओल्सन ३१ वर्षांचा, हार्लन अँडरसन त्याच्याहून लहान. दोघेही एम.आय.टी.च्या लिंकन प्रयोगशाळेत संगणकांवर काम करत होते. ही प्रयोगशाळा हवाई दलाच्या पैशावर चाले. तेथे टीएक्स-० नावाचा ट्रान्झिस्टरचा संगणक बांधला गेला होता. एका माणसाने समोर बसून थेट वापरावे असे ते यंत्र होते. असे लहान, स्वस्त संगणक विकता येतील, असे दोघांना वाटत होते.

ए.आर.डी.च्या लोकांनी त्यांना संचालकांसमोर जाण्याआधी काय सल्ला दिला, हे ओल्सन पुढे गमतीने सांगत असे. पहिला सल्ला, ‘संगणक’ हा शब्द उच्चारू नका, कारण त्या धंद्यात मोठमोठ्या कंपन्या पैसे घालवत आहेत. दुसरा, नफा पाच टक्के मिळेल असे म्हणू नका, दहा टक्के म्हणा. तिसरा, तो लवकर मिळेल असे सांगा, कारण संचालकांपैकी बरेच जण ऐंशीच्या पुढचे आहेत.

ए.आर.डी.ने ७०,००० डॉलर दिले आणि कंपनीची ७० टक्के मालकी घेतली. शिवाय ३०,००० डॉलर कर्जाऊ देण्याचे ठरले. अशा रीतीने ‘डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन’ सुरू झाली. मेनार्ड या गावातल्या एका जुन्या लोकरगिरणीत तिने भाड्याने जागा घेतली. सल्ल्याप्रमाणे पहिल्यांदा संगणक बनवलाच नाही. प्रयोगशाळांना लागणारे इलेक्ट्रॉनिक मंडलांचे सुटे संच विकले. त्यातून कंपनी पायावर उभी राहिली आणि १९५९ मध्ये पीडीपी-१ हा तिचा पहिला संगणक लोकांसमोर आला. किंमत १,२०,००० डॉलर. १९६५ मध्ये आलेल्या पीडीपी-८ ची किंमत १८,००० डॉलर होती. विद्यापीठांच्या छोट्या विभागांनाही स्वतःचा संगणक घेता येऊ लागला.

१९६६ मध्ये डिजिटलचे समभाग सर्वसामान्यांना विकायला काढले गेले. १९७२ मध्ये ए.आर.डी. दुसऱ्या एका कंपनीत विलीन झाली, तोपर्यंत त्या ७०,००० डॉलरचे मोल ३५ कोटी डॉलरच्या वर गेले होते. म्हणजे सुमारे ५,००० पट. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना लॉगॅरिदमचे उदाहरण म्हणून हे द्यायला हरकत नाही. १५ वर्षांत ५,००० पट वाढ म्हणजे चक्रवाढीने दरसाल किती? उत्तर येते सुमारे ७६ टक्के.

आता सुरुवातीचे सावकाराचे गणित उलटे करून पाहू. समजा, कोणी १०० कंपन्यांत प्रत्येकी ७०,००० डॉलर घातले आणि ९९ पूर्ण बुडाल्या. एकूण घातले ७० लाख, आले ३५ कोटी. तरीही ५० पट! हिश्श्याच्या व्यवहारात नुकसान घातलेल्या रकमेपलीकडे जात नाही, मिळकतीला मात्र वरची मर्यादा नाही. कर्जाच्या नेमके उलट. त्यामुळे येथे धोका टाळण्याची गरज नसते. धोका वाटून घ्यायचा असतो आणि थांबायचे असते. ए.आर.डी.ने आपल्या २६ वर्षांत शंभराहून अधिक कंपन्यांत पैसे घातले, पण तिच्या एकूण नफ्यापैकी जवळजवळ निम्मा एकट्या डिजिटलमधून आला.

भागीदारी आणि टप्पे

ए.आर.डी.च्या रचनेत दोन अडचणी होत्या. तिचे स्वतःचे समभाग बाजारात विकले जात, त्यामुळे भागधारक दरवर्षी निकाल मागत. नवी कंपनी पिकायला मात्र दहा-पंधरा वर्षे लागत. शिवाय योग्य कंपनी निवडून तिला वाढवणाऱ्या नोकरांना पगारापलीकडे फार मिळत नसे.

यावर उपाय निघाला पश्चिम किनाऱ्यावर. १९५७ मध्येच कॅलिफोर्नियातील आठ शास्त्रज्ञ व अभियंते विल्यम शॉकलीची प्रयोगशाळा सोडून बाहेर पडले होते. त्यांच्यासाठी आर्थर रॉक या तरुणाने अनेक कंपन्यांची दारे ठोठावली. अखेर शर्मन फेअरचाइल्ड याने पैसे दिले आणि ‘फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर’ उभी राहिली. १९६१ मध्ये रॉकने टॉमी डेव्हिस याच्याबरोबर मर्यादित भागीदारीचा निधी काढला. थोड्या धनिकांकडून ठराविक वर्षांसाठी पैसे घ्यायचे, तोवर ते परत मागायचे नाहीत, मुदत संपली की निधी गुंडाळून हिशोब करायचा आणि नफ्याचा एक भाग, बहुधा पाचवा, निधी चालवणाऱ्यांनी घ्यायचा. या निधीने सुमारे ३४ लाख डॉलर गुंतवले आणि जवळजवळ १० कोटी परत केले. आजही बहुतेक निधी याच साच्याचे, साधारण दहा वर्षांच्या मुदतीचे असतात.

दुसरी सुधारणा आपल्याला प्रयोगशाळेच्या पद्धतीची आठवण करून देईल. १९७६ मध्ये रॉबर्ट स्वॉन्सन हा तरुण आणि जीवरसायनशास्त्रज्ञ हर्बर्ट बॉयर यांनी ‘जेनेन्टेक’ कंपनी काढली. जिवाणूंमध्ये माणसाचे जनुक घालून त्यांच्याकडून इन्शुलिन बनवून घ्यायचे, अशी त्यांची कल्पना होती. तोवर इन्शुलिन डुकरांच्या आणि गाईबैलांच्या स्वादुपिंडातून काढले जाई. क्लायनर पर्किन्स या निधीने सगळी रक्कम एकदम दिली नाही. पहिल्यांदा फक्त १ लाख डॉलर दिले. त्यात कंपनीने स्वतःची प्रयोगशाळाही बांधली नाही. काम विद्यापीठांच्या आणि संशोधन संस्थांच्या प्रयोगशाळांकडून करून घेतले. प्रश्नही आधी सोपा निवडला. सोमॅटोस्टॅटिन या फक्त १४ अमिनो आम्लांच्या संप्रेरकाचा. १९७७ मध्ये तो प्रयोग यशस्वी झाला. १९७८ मध्ये इन्शुलिन तयार झाले.

प्रत्येक टप्प्यावर एक शंका मिटे, मग पुढचा पैसा मिळे आणि तोही चढ्या भावाने, म्हणजे तेवढ्याच रकमेला कमी हिस्सा देऊन. शंका मिटली नसती, तर तेथेच थांबता आले असते आणि तोटा लहान राहिला असता. आज कंपनीसाठी पैसे उभे करणारी मंडळी ‘पहिली फेरी’, ‘दुसरी फेरी’ असे शब्द वापरतात, त्यांचा अर्थ हाच. १९८० मध्ये जेनेन्टेकचा समभाग ३५ डॉलरला बाजारात आला आणि तासाभरात ८८ वर गेला. १९८२ मध्ये या पद्धतीच्या इन्शुलिनला अमेरिकेत परवानगी मिळाली.

हिशोबाची दुसरी बाजू

येथवर वाचून वाटेल, की नव्या ज्ञानाला पैसा मिळण्याचा प्रश्न सुटला. तसे नाही. दोन गोष्टी विसरून चालणार नाही.

पहिली, या पैशाने ज्ञान निर्माण केले नाही, तयार ज्ञान बाजारात आणले. ओल्सन ज्या प्रयोगशाळेत शिकला, तिचा खर्च हवाई दलाने म्हणजे करदात्यांनी केला होता. बॉयर आणि स्टॅन्ले कोहेन यांनी १९७३ मध्ये जनुके जोडण्याचे जे तंत्र दाखवले, ते विद्यापीठात, सार्वजनिक निधीतून. तो प्रदीर्घ आणि सर्वांत अनिश्चित टप्पा दहा वर्षांच्या मुदतीत बसत नाही.

दुसरी, शंभरात एकाने सगळ्यांची भरपाई करायची असेल, तर निवडलेल्या प्रत्येक कंपनीत प्रचंड वाढण्याची शक्यता असावी लागते. गावातली चांगली चालणारी कार्यशाळा, गरिबांच्या आजारावरचे औषध, सावकाश वाढणारा उद्योग हे उपयोगाचे असूनही या गणितात बसत नाहीत. त्यांच्यासाठी बँक, सहकार आणि सरकार हीच साधने उरतात. शिवाय हा पैसा आता केवळ धनिकांचा राहिलेला नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत निवृत्तीवेतन निधींचे नियम सैल झाले आणि त्यांचा काही भाग इकडे वळला. त्यात शिक्षकांच्या निवृत्तीवेतनाचेही पैसे आहेत. सगळेच निधी डेव्हिस आणि रॉक यांच्यासारखे फळत नाहीत. पुष्कळ निधींची कमाई साध्या शेअर बाजाराइतकीही होत नाही. तेव्हा किती पैसा बुडाला तर चालेल, हा प्रश्न ज्याचा पैसा आहे त्याला विचारायलाच हवा.

भारतात १९८८ मध्ये सरकारने या प्रकारच्या भांडवलासाठी मार्गदर्शक नियम काढले. त्याच साली मुंबईच्या आय.सी.आय.सी.आय. आणि युनिट ट्रस्ट या संस्थांनी मिळून तंत्रज्ञानावर आधारित उद्योगांसाठी एक कंपनी काढली. १९९६ मध्ये सेबीने नियमावली केली. म्हणजे आपल्याकडे सुरुवात केली ती सार्वजनिक वित्तसंस्थांनी.

वर्गात करून पाहण्यासाठी

वीस चिठ्ठ्या करा. बारांवर ०, पाचांवर १, दोनांवर ३ आणि एकीवर २० लिहा. (हे आकडे खेळापुरते आहेत.) प्रत्येक चिठ्ठीची किंमत १ रुपया आणि तिच्यावर लिहिलेले तेवढे रुपये परत. आधी प्रत्येक मुलाला एकच चिठ्ठी काढू द्या आणि किती जणांचा रुपया गेला ते मोजा. प्रत्येक वेळी चिठ्ठी परत टाकायला विसरू नका. मग पाच-पाच काढू द्या. शेवटी सगळ्या वर्गाने मिळून वीसही घ्याव्यात. घातले २०, आले ३१. आता २० ची चिठ्ठी बाजूला काढून बेरीज पुन्हा करा. १९ घातले, ११ आले. आणि प्रत्येक चिठ्ठीवर १.१० रुपयांहून जास्त मिळणार नाही, असा कर्जाचा नियम लावला तर काय होते, तेही पाहा.

खेळ संपल्यावर मुलांना एक प्रश्न विचारावा. पहिल्या डावात एकच चिठ्ठी काढून ज्यांचा रुपया गेला, त्यांची निवड चुकली होती का? मुलांची उत्तरे येऊ द्यावीत आणि मग त्यांना जॉन रोबकची गोष्ट सांगावी.